घोड्याची शेपटी आणि हातावरचे घट्टे

वर्ग भरलेला आहे. फळ्यापाशी चष्मा लावलेले प्राध्यापक उभे आहेत आणि मोठ्या गांभीर्याने शिकवताहेत. विषय आहे घोड्याच्या शेपटीचं कार्य. समोर बसलेली पोरं शेतकऱ्यांची, दक्षिण चीनच्या डोंगराळ भागातली. एक विद्यार्थी उठून सांगतो, आमच्या भागात घोडे फारसे नाहीतच, म्हशी आणि डुकरं भरपूर आहेत. घोडा जरा कमी करून त्यांच्याबद्दल शिकवाल का? प्राध्यापक चिडतात. पुस्तकात जे आहे तेच ते शिकवणार. बाहेर एक म्हातारा शेतकरी आजारी जनावर घेऊन मदत मागायला आलाय. त्याला वाटेला लावलं जातं. आत शेपटी चालूच राहते.

हा प्रसंग ‘ज्वेलिए’ नावाच्या चिनी चित्रपटातला. या शब्दाचा अर्थ ‘संबंध तोडणं’. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, फारकत. चित्रपट १९७५ मध्ये बीजिंग फिल्म स्टुडिओने बनवला, दिग्दर्शक ली वेनह्वा. प्राध्यापकाचं काम गे त्सुनझ्वांग या नटाने केलं आणि ते इतकं ठसलं की ‘घोड्याच्या शेपटीचं कार्य’ हा चीनमध्ये वाक्प्रचारच झाला. निरुपयोगी पुस्तकी ज्ञानाला हिणवायचं असेल तर त्या पिढीतली माणसं आजही तो वापरतात.

मी अनेक वर्षं खेड्यातल्या शाळेत शिकवलं आहे. हा प्रसंग पाहिला तेव्हा पहिल्यांदा मला त्या विद्यार्थ्याचंच म्हणणं पटलं. दुष्काळी पट्ट्यातल्या वर्गात पुस्तकातला बर्फाळ प्रदेशाचा धडा शिकवताना, खिडकीबाहेर टँकरची वाट पाहत उभ्या असलेल्या बाया मला दिसायच्या. मुलांनाही दिसायच्या. शिक्षणाचा आणि जगण्याचा सांधा निखळलाय, हे शिक्षकाला कुणी वेगळं सांगावं लागत नाही. म्हणूनच या चित्रपटाबद्दल नीट बोलायला हवं असं मला वाटतं. त्याने विचारलेला प्रश्न खरा आहे. त्या खऱ्या प्रश्नाच्या खांद्यावर बसवून जे उत्तर प्रेक्षकाच्या गळी उतरवलं, त्याने एका पिढीचं शिक्षण गिळलं. प्रचारपट कसा काम करतो हे समजून घ्यायला इतकं चांगलं उदाहरण क्वचित सापडेल.

आधी गोष्ट सांगतो. साल १९५८. लाँग ग्वोझेंग नावाचा पक्षाचा जुना कार्यकर्ता जियांगशी प्रांतातल्या श्रम विद्यापीठाच्या एका शाखेचा मुख्याध्यापक म्हणून येतो. उपमुख्याध्यापक त्साओ झोंगहे याला विद्यापीठ विद्यापीठासारखं हवंय: शहराच्या जवळ, इमारती असलेलं, प्रवेशाला परीक्षा असलेलं. लाँगला ते डोंगरात हवंय, जिथे शेतकरी आहेत तिथे. सगळा चित्रपट या दोघांमधल्या ओढाताणीचा आहे. जागा कुठली, प्रवेश कुणाला, शिकवायचं काय, परीक्षा कशी घ्यायची, शिकून पोरांनी जायचं कुठे, असे एकेक मुद्दे येतात आणि प्रत्येक वेळी लाँग बरोबर ठरतो.

त्यातला प्रवेशाचा प्रसंग सगळ्यांत गाजलेला. जियांग दानियान हा लोहारकाम करणारा तरुण. शाळा फार झालेली नाही, म्हणून त्याला परत पाठवायच्या बेतात असतात. लाँग त्याला थांबवतो. विद्यापीठात यायला पात्रता लागते म्हणता, तर पात्रता म्हणजे काय, असं तो जमलेल्यांना विचारतो. मग त्या पोराचा हात धरून वर उचलतो आणि तळव्यावरचे घट्टे सगळ्यांना दाखवतो. ही पात्रता! बाहेर जमलेले गावकरी हर्षाने ओरडतात.

हा प्रसंग कितीही सावधपणे पाहिला तरी अंगावर काटा येतो. ज्यांच्या सात पिढ्यांनी शाळेचं दार पाहिलं नाही, त्यांच्या हाताला कुणीतरी प्रमाणपत्राचा मान देतोय. १९४९ मध्ये क्रांती झाली तेव्हा चीनमध्ये दर पाचांतली सुमारे चार माणसं निरक्षर होती. पुढच्या काळात शाळा वाढल्या, पण विद्यापीठाच्या परीक्षेत शहरातली, शिकलेल्या घरांतली मुलंच पुढे राहिली. खेड्यातून जो वर चढायचा तो सहसा परत यायचा नाही. तिथे त्या काळी एक म्हण फिरत होती: पहिल्या वर्षी गावंढळ, दुसऱ्या वर्षी शहरी, तिसऱ्या वर्षी आईबापाला ओळख नाही. ती ऐकून आपल्याही गावातली चारदोन नावं कुणाच्याही डोळ्यांपुढे येतील. चित्रपटाने हे दुखणं अचूक हेरलं होतं.

ज्या विद्यापीठावर तो बेतला आहे तेही काल्पनिक नव्हतं. जियांगशी साम्यवादी श्रम विद्यापीठ १ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झालं. मुख्य ठिकाण नानछांग शहराजवळ आणि शाखा प्रांतभर डोंगराडोंगरांत. अर्धा वेळ अभ्यास, अर्धा वेळ काम असा शिरस्ता. विद्यार्थी जमीन फोडत, झाडं लावत, गुरं पाळत, स्वतःच्या खोल्या स्वतः बांधत. ३० जुलै १९६१ रोजी माओने विद्यापीठाला पत्र लिहून या कामाला पूर्ण पाठिंबा दिला. सरकारकडून पैसाही न घेता काम करत शिकणारी ही शाळा फार चांगली आहे, असा त्याचा आशय. चित्रपटाचा शेवट याच पत्राने होतो. विद्यापीठ बंद पाडण्याचा घाट घातला गेलाय, लाँग एकटा पडलाय आणि नेमकं तेव्हा पत्र येऊन थडकतं. आपल्या जुन्या पौराणिक चित्रपटांत भक्ताचा अगदी अंत पाहून झाल्यावर देव प्रकट व्हायचा, तशीच ही बांधणी आहे. फरक इतकाच की पडद्यावरच्या देवाला प्रेक्षक घरी जाऊन प्रश्न विचारू शकत होता.

आता पडद्यामागची कारागिरी. सांस्कृतिक क्रांतीच्या, म्हणजे जुने विचार आणि ‘क्रांतीचे शत्रू’ उखडून काढायला माओने छेडलेल्या मोहिमेच्या काळात, १९६६ ते १९७६ या दहा वर्षांत, चीनमध्ये कथा कशी सांगायची याचे नियम ठरलेले होते. माओची पत्नी जियांग छिंग हिच्या देखरेखीखाली जी ‘आदर्श’ क्रांतिकारी संगीतनाट्यं तयार झाली, त्यांतून एक सूत्र निघालं. त्याला आपण ‘तिहेरी उठाव’ म्हणू. उठाव चित्रकलेतल्या अर्थाने. सगळ्या पात्रांमध्ये चांगल्या पात्रांना उठाव द्यायचा, चांगल्यांमध्ये शूरांना, आणि शूरांमध्ये एकाच मुख्य नायकाला. छायाचित्रणासाठीही त्याला जोडून नियम होता: शत्रू लांब, आपला माणूस जवळ, शत्रू अंधारात, आपला माणूस उजेडात, शत्रू लहान, आपला माणूस मोठा.

हे सूत्र मनात ठेवून चित्रपट पाहिला की सगळं उलगडत जातं. लाँगचा चेहरा पडदा भरून येतो, त्यावर स्वच्छ उजेड असतो आणि नजर नेहमी क्षितिजाकडे. त्याला शंका येत नाही, तो चुकत नाही, थकत नाही. घरदार, रुसवेफुगवे असं काहीच त्याला नाही. त्याची भूमिका ग्वो झेनछिंगने केली. हा नट १९५० च्या दशकात जपानविरोधी गनिमी युद्धावरच्या चित्रपटाचा नायक म्हणून घराघरांत ओळखीचा झालेला होता. म्हणजे प्रेक्षकाच्या मनात हा माणूस पडद्यावर येण्याआधीच शूर होता. समोरच्या पात्रांना ही मुभाच नाही. त्साओला आपली बाजू मांडता येते, पण फक्त तोंडघशी पडण्याइतकीच. त्याच्या तोंडी एकही असं वाक्य दिलेलं नाही जे ऐकून विचारी माणूस ‘हेही खरं आहे’ असं म्हणेल.

आणि तशी वाक्यं होती! पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला शरीररचना यायला नको का? म्हशीला काय झालंय हे ओळखायचं तर निरोगी म्हैस आतून कशी असते हे माहीत हवं, औषधाचं प्रमाण काढायला गणित हवं, नवं संशोधन वाचायला नीट वाचता यायला हवं. लोहाराच्या पोराला विद्यापीठात घेतलं हे उत्तमच, पण त्याची जी शाळा बुडाली ती भरून काढायला आधी वर्षभर तरी त्याच्याजवळ बसायला हवं की नको? शिक्षकाच्या मनात पहिल्यांदा हाच प्रश्न येतो. हातावरचे घट्टे माणसाच्या कष्टांची साक्ष देतात, त्याला काय येतं आणि काय शिकवायला हवं हे सांगत नाहीत. चित्रपट हा प्रश्न येऊच देत नाही. घोड्याची शेपटी मध्ये आणून तो सगळ्या पुस्तकी ज्ञानालाच हास्यास्पद ठरवतो. अभ्यासक्रमातला सगळ्यांत निरुपयोगी धडा निवडायचा आणि तोच जणू सगळा अभ्यासक्रम आहे असं दाखवायचं. प्रचाराची ही सगळ्यांत धारदार युक्ती, कारण दाखवलेली गोष्ट खोटी नसते. असे प्राध्यापक असतातच. खोटं असतं ते निवडीत.

परीक्षेच्या प्रसंगातही हेच. ऐन परीक्षेच्या वेळी पिकावर कीड पडते. ली जिनफेंग नावाची विद्यार्थिनी आणि तिचे सोबती पेपर टाकून पीक वाचवायला जातात. शाळा त्यांना नापास करून शिक्षा करू पाहते. या मांडणीत प्रेक्षक कुणाच्या बाजूने जाणार? शेतकऱ्याचं पीक डोळ्यांदेखत जात असताना पेपर सोडवत बसणारा माणूस कुणाला आवडेल? पण परीक्षा चार दिवस पुढे ढकलता येते, हे खेड्यातल्या कुठल्याही मास्तराला सुचलं असतं. सुगीच्या दिवसांत आम्ही वेळापत्रक बदलायचोच. चित्रपटाला ते सुचून चालणार नव्हतं. त्याला पीक आणि पेपर यांत वैर हवं होतं.

चौकटीच्या बाहेर काय ठेवलं ते आता पाहू. इथे माझं मन खरोखर कडू होतं. गोष्ट १९५८ ते १९६१ या काळात घडते. ही वर्षं म्हणजे माओच्या ‘महाझेपे’ची. घरोघरची भांडीकुंडी वितळवून परसात पोलाद काढायचं, शेती सामूहिक करायची, उत्पादनाचे फुगवलेले आकडे वर कळवायचे आणि त्या आकड्यांच्या हिशेबाने धान्य उचलून न्यायचं, असा तो काळ. १९५९ ते १९६१ मधल्या दुष्काळात किती माणसं गेली याचे इतिहासकारांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. जियांगशीला इतर काही प्रांतांच्या मानाने झळ कमी लागली, पण देश भुकेने मरत होता. चित्रपटात भूक नाही. भरलेली शेतं आहेत, गाणी आहेत, टवटवीत चेहरे आहेत.

याहून पुढची गोष्ट अशी की चित्रपटाच्या उत्तरार्धात खलनायकी कारस्थान म्हणून जे दाखवलंय ते म्हणजे सामूहिक जमीन घरटी वाटून देण्याचा बेत. वरचे अधिकारी तो रेटतात, ली जिनफेंग त्याला विरोध करते आणि प्रेक्षकाने तिच्या धाडसाला दाद द्यायची. इतिहासात १९६१ च्या सुमारास अन्हुईसारख्या प्रांतांत शेतकऱ्यांना घरटी जमीन कसायला दिली गेली, तेव्हा त्यांच्या घरात पुन्हा दाणा दिसू लागला. ज्या उपायाने माणसं वाचली, तो इथे गुन्हा झाला. दुष्काळातून जगलेली माणसं १९७६ मध्ये कापडी पडद्यासमोर बसून हे पाहत होती. खेड्यापाड्यांत फिरती पथकं प्रोजेक्टर घेऊन जात, आपल्याकडे तंबूतला सिनेमा यायचा तसं. खेड्यांसाठी म्हणून चीनने ८.७५ मिलिमीटर रुंदीची वेगळी हलकी फिल्मच तयार केली होती. त्या अंधारात बसलेल्या एखाद्या आईच्या मनात काय चाललं असेल, याचा विचार मला सोडत नाही.

अठ्ठावन सालची गोष्ट पंच्याहत्तर साली का सांगावीशी वाटली? प्रचारपट कुठल्या काळाबद्दल आहे यापेक्षा तो कुठल्या काळात बनला हे आधी विचारावं. १९६६ मध्ये चीनने विद्यापीठांची प्रवेश परीक्षा बंद केली. पुढची काही वर्षं विद्यापीठांत नवे प्रवेशच झाले नाहीत. शहरातली शिकलेली मुलं खेड्यांत पाठवली गेली. १९७० पासून ‘कामगार-शेतकरी-सैनिक विद्यार्थी’ या नावाने प्रवेश सुरू झाले. पद्धत अशी: स्वतः अर्ज करायचा, सोबत राबणाऱ्यांनी शिफारस करायची, वरिष्ठांनी मंजुरी द्यायची आणि शेवटी विद्यापीठाने पडताळणी करायची. हातावरच्या घट्ट्यांचा नियम देशभर लागू झाला होता असं म्हणता येईल.

मंजुरी वरिष्ठांच्या हाती म्हटल्यावर काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. ओळखी निघाल्या, चिठ्ठ्या गेल्या. चिनी भाषेत याला ‘मागच्या दारातून जाणं’ म्हणतात. जानेवारी १९७४ मध्ये नानजिंग विद्यापीठातल्या झोंग झिमिन या विद्यार्थ्याने आपण वडिलांच्या लष्करातल्या वजनामुळे शिरलो असं कबूल करून विद्यापीठ सोडलं, आणि ते सरकारी ‘पीपल्स डेली’ने छापलं. छापलं ते त्याच्या कौतुकासाठी, पण मागचं दार आहे हे त्यातून पक्षाच्याच मुखपत्राने मान्य केलं. घट्टे असलेला लोहार बाहेर राहिला आणि साहेबाचा मुलगा आत गेला, असंही खऱ्या चीनमध्ये घडत होतं. चित्रपटात हा मुलगा कुठेच भेटत नाही.

१९७३ मध्ये शिफारशीला थोडी परीक्षेची जोड देण्याचा प्रयत्न झाला. लियाओनिंग प्रांतात झांग तिएशेंग नावाच्या तरुणाला भौतिक-रसायनच्या पेपरात काही सुचलं नाही. त्याने उत्तरपत्रिकेच्या मागे पत्र लिहिलं: मी शेतावर राबत होतो, अभ्यासाला वेळ मिळाला नाही, काम चुकवून पुस्तकं घेऊन बसणाऱ्यांच्या पुढे मी मागे पडलो. जुलैमध्ये प्रांताच्या वर्तमानपत्राने आणि ऑगस्टमध्ये ‘पीपल्स डेली’ने ते छापलं आणि तो ‘कोऱ्या पेपरचा वीर’ झाला. खरं तर त्याला भाषेत ३८, गणितात ६१ आणि भौतिक-रसायनमध्ये ६ गुण होते. म्हणजे पेपर पुरता कोरा नव्हता, पण घोषणेला कोरा पेपरच सोयीचा होता. परीक्षेचा तो प्रयत्न तिथेच बारगळला. चित्रपटातली ली जिनफेंग दोन वर्षांनी पेपर सोडून शेताकडे धावते, त्याची मुळं इथे आहेत.

जानेवारी १९७५ मध्ये झोऊ रोंगशिन शिक्षणमंत्री झाले. शाळा-विद्यापीठांत पुन्हा अभ्यास व्हावा, शिक्षकांना त्यांची जागा परत मिळावी, यासाठी ते बोलू लागले. त्यांना तेव्हाचे उपपंतप्रधान डेंग झियाओपिंग यांचा आधार होता. वर्ष संपता संपता वारं फिरलं आणि दोघांवरही टीकेची मोहीम सुरू झाली. नेमका तेव्हाच ‘फारकत’ देशभर झळकला. लोकांना गटागटाने नेऊन तो दाखवला जाई. पडद्यावर त्साओ झोंगहे पाहायचा आणि बाहेर आल्यावर खऱ्या त्साओंना शोधायचं, असा त्याचा उपयोग. झोऊ रोंगशिन यांच्यावर सभांमागून सभा झाल्या आणि एप्रिल १९७६ मध्ये अशाच दिवसांत कोसळून ते वारले. विनोदी प्राध्यापकाला हसण्यापासून हा रस्ता सुरू होतो, हे माझ्या मनातून जात नाही.

क्रांतीने शिक्षकाला नेहमीच असं रंगवलं नाही. सोव्हिएत रशियात १९३१ मध्ये कोझिंत्सेव आणि त्राउबेर्ग यांनी ‘ओद्ना’ नावाचा चित्रपट केला. लेनिनग्राडमधली नवी कोरी शिक्षिका, जिला शहरातच संसार थाटायचाय, तिची नेमणूक दूरच्या अल्ताई डोंगरांत होते. तिथले सावकारी जमीनदार आणि निष्काळजी अधिकारी यांच्याशी ती पोरांसाठी झुंजते. तोही प्रचारच, पण त्यात शिक्षिका नायिका आहे, आणि आधी तिला जायचं नसतं, म्हणून ती माणूस वाटते. क्यूबाने १९६१ मध्ये सुमारे एक लाख तरुण मुलामुलींना निरक्षरांना शिकवायला खेड्यांत पाठवलं. त्यावर ऑक्टाव्हियो कोर्तासारने १९७७ मध्ये ‘एल ब्रिगादिस्ता’ केला. तिथेही कंदील आणि पुस्तक घेऊन जाणारा कोवळा मुलगा हाच नायक.

माझ्या मते यातला भेद असा. क्रांतीला जेव्हा निरक्षरांपर्यंत अक्षर न्यायचं असतं तेव्हा तिला शिक्षक हवा असतो. काही वर्षांनी शिकलेली माणसं तिलाच प्रश्न विचारू लागतात, तेव्हा तोच शिक्षक तिच्या डोळ्यांत खुपतो. ‘फारकत’ दुसऱ्या टप्प्यातला आहे. हे नावसुद्धा मार्क्स-एंगेल्सच्या जाहीरनाम्यातल्या, जुन्या कल्पनांशी पुरती फारकत घेण्याबद्दलच्या वाक्यावरून आलेलं. कल्पनांशी फारकत घ्यायची म्हटल्यावर त्या कल्पना ज्याच्या डोक्यात आहेत त्या माणसाशी आधी घेतली गेली.

काम करत शिकणं ही कल्पनाच वाईट, असा सूर यातून कुणी काढू नये. मराठी माणसाने तर मुळीच नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, पुढे साताऱ्याला वसतिगृह उभं केलं, आणि ‘कमवा आणि शिका’ म्हणत सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. ती पोरं दगड फोडत, शेतात राबत, स्वयंपाक करत. त्यांच्याही हाताला घट्टे होते. पण अण्णांनी ते घट्टे दाखवून कुणाला परीक्षेतून सूट मागितली नाही. उलट, राबून शिकणारं पोर विद्वानांच्या पोराच्या बरोबरीने पेपर लिहील, याची जिद्द धरली. वर्ध्याला १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये गांधीजींनी नई तालीमची मांडणी केली, तिथेही टकळी शिकण्याचं साधन होती. सूत मोजताना गणित आणि कापूस पाहताना भूगोल. या दोन्ही प्रयोगांच्या मर्यादा आहेत, त्यावर वाद व्हायला हवेत आणि होतातही. पण त्यांत हात आणि डोकं एकमेकांना जोडलेले होते. चित्रपटातल्या विद्यापीठात हाताला डोक्याविरुद्ध साक्षीला उभं केलंय.

खऱ्या जियांगशीच्या विद्यापीठाशीही चित्रपट पुरता प्रामाणिक नाही, हे मुद्दाम नोंदवतो. तिथे बावीस वर्षांत दोन लाखांहून अधिक विद्यार्थी शिकून बाहेर पडले. जंगल, शेती, पशुपालन यांची जाणकार माणसं त्या डोंगराळ मुलखाला मिळाली. त्यासाठी तिथे वर्ग भरत होते, शिक्षक शिकवत होते, पुस्तकं वाचली जात होती. पडद्यावर मात्र शिकण्यापेक्षा शिकण्याबद्दलची भांडणंच जास्त आहेत. शिक्षणावरच्या या चित्रपटात कुणाला काही नवं उमगलंय आणि त्याचे डोळे चमकलेत, असा क्षण मला तरी सापडला नाही.

सप्टेंबर १९७६ मध्ये माओ गेला. महिन्याभरात, ६ ऑक्टोबरला, जियांग छिंग आणि तिचे तीन सोबती पकडले गेले. ‘फारकत’ रातोरात ‘विषारी तण’ ठरला. कालपर्यंत पाहायची सक्ती असलेला चित्रपट आता निषेधासाठी दाखवू लागले. १९७७ च्या हिवाळ्यात प्रवेश परीक्षा पुन्हा सुरू झाली. अकरा वर्षांचा तुंबलेला लोंढा एकदम आला. सुमारे ५७ लाख उमेदवार बसले आणि पावणेतीन लाखांच्या आसपास निवडले गेले. त्यांत शेतावर दहा वर्षं घालवलेले होते, कारखान्यात काम करणारे होते, मुलाबाळांचे बाप होते. त्यांच्या हाताला घट्टे होतेच. ते दाखवायला मात्र कुणी सांगितलं नाही. त्याच हातांनी पेन धरून त्यांनी पेपर लिहिला.

दिग्दर्शक ली वेनह्वाचा पुढचा प्रवास मला फार सांगण्यासारखा वाटतो. ‘फारकत’नंतर १९७६ मध्ये त्याने ‘प्रतिहल्ला’ या अर्थाच्या नावाचा आणखी कडवा चित्रपट केला, तोही विद्यापीठावरच. तो प्रदर्शित होण्याआधीच राजकारण उलटलं आणि लोकांनी तो पाहिला तो निषेधाचा नमुना म्हणून. आणि १९७९ मध्ये याच माणसाने ‘अश्रूंच्या खुणा’ या अर्थाच्या नावाचा चित्रपट केला. विषय होता सांस्कृतिक क्रांतीत भरडलेल्या माणसांना न्याय मिळवून देण्याचा. प्रेक्षकांच्या मतांवर दिल्या जाणाऱ्या ‘शंभर फुलं’ पुरस्कारात १९८० च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटांमध्ये तो निवडला गेला. ज्यांनी घोड्याच्या शेपटीला हसून दाद दिली होती, त्यांतल्या कितीतरी जणांनी हाही पाहिला असेल.

श्रम विद्यापीठाचं १९८० मध्ये जियांगशी कृषी विद्यापीठ झालं. आता तिथे जायला देशभरातल्या पोरांसारखीच प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आणि आज ते ओळखलं जातं ते डुकरांच्या आनुवंशिकीवरच्या संशोधनासाठी. कुठल्या जनुकामुळे मांस चांगलं होतं, कुठल्यामुळे पिल्लं आजारी पडत नाहीत, याचा शोध तिथे प्रयोगशाळेत घेतला जातो, आणि त्यातून निघालेलं वाण गोठ्यापर्यंत जातं. आमच्याकडे डुकरं आहेत, त्यांच्याबद्दल शिकवा, असं वर्गात उठून म्हणणाऱ्या पोराला तिथे उत्तर मिळालं असतं. फक्त त्यासाठी बराच काळ पुस्तक उघडून बसावं लागलं असतं.